‘अनिबद्ध’ सुरांचा प्रवासी : गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा यांची कारकीर्द आणि महाराष्ट्राच्या संगीत-इतिहासलेखनाचा प्रश्न

सारांश :

मुंबईत जन्मलेले गोमंतकीय गिटारवादक व संगीतरचनाकार अमान्सियो डिसिल्वा (१९३६–१९९६) यांनी १९६९ ते १९७२ या अवघ्या चार वर्षांत लंडन येथे भारतीय रागसंगीत आणि आधुनिक जॅझ यांचा मेळ घालणारी काही महत्त्वाची ध्वनिमुद्रणे केली. मुक्त जॅझचे एक प्रवर्तक जो हॅरियट यांच्यासमवेत त्यांनी केलेली ‘हम दोनो’ ही ध्वनिमुद्रिका त्यांपैकी विशेष उल्लेखनीय होय. प्रस्तुत निबंधात डिसिल्वा यांच्या कारकिर्दीचा ऐतिहासिक आढावा घेतला असून, मुक्त जॅझमधील ‘मुक्तता’ या संकल्पनेचा विचार देवगिरी येथे सिद्ध झालेल्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथातील ‘निबद्ध–अनिबद्ध’ या भेदाच्या आधारे केला आहे. महाराष्ट्राच्या संगीताचा इतिहास लिहिताना आपण कोणते निकष वापरतो आणि त्या निकषांमुळे कोण वगळले जाते, हा या निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

बीजसंज्ञा : जॅझ, मुक्त जॅझ, गोमंतकीय वादक, अनिबद्ध गान, इंडो-जॅझ, सांस्कृतिक इतिहास.

प्रस्तावना :

आधुनिक महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासाचे अध्यापन करताना संगीत या घटकाची मांडणी सामान्यतः एका ठरलेल्या क्रमाने होते. संतांची अभंगवाणी व कीर्तनपरंपरा, शाहिरी व लावणी, संगीत रंगभूमी, ख्याल गायकीची घराणी, भावगीत आणि अखेरीस चित्रपटसंगीत असा तो क्रम आहे. ही मांडणी चुकीची नाही, परंतु ती अपुरी आहे. विसाव्या शतकातील मुंबईत हॉटेले, क्लब, चर्च व चित्रपटांचे स्टुडिओ यांमध्ये पाश्चात्त्य वाद्ये वाजवून उपजीविका करणारा एक मोठा वादकवर्ग होता. त्याला या क्रमात कोठेही स्थान मिळत नाही. या वर्गातील बहुसंख्य वादक गोमंतकीय ख्रिस्ती होते. त्यांचे संगीत मराठी माणसाने चित्रपटगीतांतून रोज ऐकले, परंतु त्यांची नावे मात्र त्याला ठाऊक झाली नाहीत.

अमान्सियो डिसिल्वा हे याच वर्गातून पुढे आलेले कलावंत. त्यांची कारकीर्द अभ्यासण्याचे कारण केवळ ते विस्मृतीत गेले एवढेच नाही. त्यांच्या पिढीतील अनेक वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदात अनाम राहिले, तर डिसिल्वा यांना स्वतःच्या नावाची ध्वनिमुद्रिका मिळाली. पण ती मिळण्यासाठी त्यांना मुंबई सोडावी लागली. हे असे का घडले, आणि परदेशात गेल्यावर त्यांनी जे निर्माण केले ते आपल्या इतिहासाचा भाग मानावे की नाही, हे दोन्ही प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावेत असे आहेत.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) अमान्सियो डिसिल्वा यांच्या कारकिर्दीची ऐतिहासिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२) त्यांच्या प्रमुख ध्वनिमुद्रिकांचे स्वरूप व वेगळेपण स्पष्ट करणे.
३) मुक्त जॅझमधील मुक्ततेच्या संकल्पनेचा भारतीय संगीतशास्त्राच्या परिभाषेत विचार करणे.
४) महाराष्ट्राच्या संगीत-इतिहासलेखनातील निकषांची चिकित्सा करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. डिसिल्वा यांच्या ध्वनिमुद्रिका हेच येथे प्राथमिक साधन मानले आहे. ध्वनिमुद्रिका हे लिखित दस्तऐवजाइतकेच विश्वसनीय साधन असते, मात्र ते वाचायचे नसून ऐकायचे असते. तिच्यावरील वादकांची यादी, वाद्यांची निवड आणि रचनांची शीर्षके हीसुद्धा पुराव्याचीच अंगे होत.

१. गोव्याची स्वरलिपी आणि मुंबईची बाजारपेठ :

पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचण्याचे आणि व्हायोलिनसारखी वाद्ये वाजवण्याचे शिक्षण मिळत असे. धार्मिक विधींसाठी गायक-वादक तयार करणे हा या शिक्षणाचा मूळ हेतू होता. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. कागदावरील स्वर पाहताक्षणी वाजवू शकणारा एक कुशल वर्ग गोव्यात तयार झाला आणि त्या कौशल्याला गोव्यात पुरेसे काम नव्हते. ब्रिटिश अमलाखालील मुंबईत ते काम होते. पलटणींचे व पोलिसांचे बँड, मूकपटांच्या काळातील चित्रपटगृहे, जिमखाने, हॉटेले आणि पुढे बोलपटांचे स्टुडिओ यांनी या वादकांना सामावून घेतले. धोबी तलाव, माझगाव या भागांतील गावकीच्या ‘कुडां’मधून या स्थलांतरितांची राहण्याची सोय होत असे.

मुंबईत जॅझ रुजले ते या वादकांमुळेच. १९३५ मध्ये आफ्रिकी-अमेरिकी वादक लिऑन ॲबी यांचा चमू ताजमहाल हॉटेलात वाजवण्यासाठी आला. त्यानंतर क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे वादकही मुंबईत राहून गेले. वर्णद्वेषाने ग्रासलेल्या अमेरिकेतून बाहेर पडलेले हे कलावंत आणि वसाहतीच्या राजवटीतून मुंबईत आलेले गोमंतकीय वादक यांची गाठ येथे पडली. गोमंतकीयांना स्वरलिपी येत होती. स्वरलिपीच्या पलीकडे जाऊन आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्याची रीत मात्र त्यांना जॅझमधून मिळाली. स्वातंत्र्योत्तर काळात डेव्ह ब्रुबेक (१९५८) आणि ड्यूक एलिंग्टन (१९६३) यांच्या दौऱ्यांमुळे मुंबईतील वादकांना समकालीन जॅझचे प्रत्यक्ष श्रवणही घडले.

२. चित्रपटसंगीतातील अनाम हात :

स्वातंत्र्यानंतर या वर्गाच्या उपजीविकेचे स्वरूप बदलले. संस्थानिक व युरोपीय आश्रयदाते ओसरले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने रात्रीच्या क्लबांचा व्यवसाय मंदावला. त्यामुळे अनेक वादक चित्रपटांच्या स्टुडिओकडे वळले. हिंदी चित्रपटसंगीताला याचा केवढा लाभ झाला हे आपण सर्व जाणतो. पुणतांबे येथे जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातील गीते आजही लोकप्रिय आहेत. त्या गीतांमधील उडत्या लयीमागे चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे गोमंतकीय ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ आणि त्यांचे साथीदार होते. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गीतांच्या वाद्यरचनेत मोलाची भर घातली. संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनगुरू अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये भारतीय व पाश्चात्त्य वाद्यांचा एकत्र वाद्यवृंद उभारण्याचा प्रयत्न केला. आज त्यांचे नाव सर्वसामान्यांना ठाऊक आहे ते १९७७ मधील एका विनोदी चित्रपटगीतामुळे. गीत सर्वांना पाठ आहे, पण त्या नावाचा खराखुरा वादनगुरू होता हे फार थोड्यांना माहीत आहे.

या व्यवस्थेत वादकाला काम होते, पैसा होता आणि काही अंशी प्रतिष्ठाही होती. परंतु त्याला कर्तेपण नव्हते. ध्वनिमुद्रिकेवर नाव येई ते गायकाचे, गीतकाराचे व संगीतदिग्दर्शकाचे. स्वतःच्या रचना स्वतःच्या नावाने सादर करू इच्छिणाऱ्या जॅझवादकाला मुंबईत ध्वनिमुद्रण कंपन्यांचे पाठबळ जवळजवळ नव्हते. डिसिल्वा यांच्या स्थलांतराकडे पाहताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

३. मुंबई ते लंडन :

अमान्सियो डिसिल्वा यांचा जन्म १९३६ मध्ये मुंबईत गोमंतकीय रोमन कॅथलिक कुटुंबात झाला. गिटारवादन त्यांनी मुख्यतः स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केले. हॉटेले व क्लब येथील वाद्यवृंदांत वाजवत त्यांनी देशातील वेगवेगळ्या शहरांत उमेदवारी केली. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांचा आश्रय त्यांना लाभला आणि त्यांनी डिसिल्वा यांना गिब्सन बनावटीची गिटार घेऊन दिली, असा उल्लेख त्यांच्या चरित्रविषयक नोंदींत येतो. पुढे त्यांच्या रचनांना ‘जयपूर’ व ‘महाराणी’ ही शीर्षके मिळाली, त्यांची पार्श्वभूमी ही आहे. दरबारी आश्रयाची जुनी परंपरा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका विद्युत-गिटारवादकापर्यंत पोहोचावी, ही गोष्ट संस्थानांच्या सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे.

१९६७ मध्ये डिसिल्वा लंडनला गेले. हा काळ तेथे भारतीय संगीताबद्दलच्या कुतूहलाचा होता. पंडित रविशंकर यांची कीर्ती शिखरावर होती. कलकत्त्यात जन्मलेले आणि लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदात काम केलेले व्हायोलिनवादक जॉन मेयर यांनी जो हॅरियट यांच्यासह १९६६ पासून ‘इंडो-जॅझ’ ध्वनिमुद्रिकांची मालिका सुरू केली होती. तिचे निर्माते डेनिस प्रेस्टन होते. पश्चिम लंडनमधील लॅन्सडाउन स्टुडिओचे ते चालक होते आणि रूढ चाकोरीबाहेरच्या कलावंतांना ध्वनिमुद्रणाची संधी देण्याबद्दल त्यांची ख्याती होती. डिसिल्वा यांनाही ही संधी त्यांच्याकडूनच मिळाली.

१९६९ मध्ये ‘इंटिग्रेशन’ ही डिसिल्वा यांची पहिली ध्वनिमुद्रिका कोलंबिया या नाममुद्रेखाली प्रसिद्ध झाली. ट्रम्पेटवर इयन कार, सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल, बासवर डेव्ह ग्रीन आणि ड्रमवर ट्रेव्हर टॉमकिन्स हे ब्रिटिश जॅझमधील अग्रगण्य वादक त्यांच्या साथीला होते. दोन वर्षांपूर्वी लंडनला आलेला मुंबईचा एक वादक या मंडळींचे नेतृत्व करत होता आणि रचना त्याच्या होत्या. ज्या कर्तेपणापासून त्यांचे मुंबईतील समव्यावसायिक वंचित राहिले, ते त्यांना येथे मिळाले. त्याच वर्षी घानाचे तालवादक गाय वॉरन यांच्या ‘आफ्रो-जॅझ’ या ध्वनिमुद्रिकेतही त्यांनी वादन केले. साम्राज्याच्या निरनिराळ्या टोकांकडून आलेले कलावंत साम्राज्य विसर्जित होत असताना त्याच्या राजधानीत एकमेकांना भेटत होते, हे या घटनांतून स्पष्ट दिसते.

४. मुक्त जॅझ आणि देवगिरीचा ‘अनिबद्ध’ विचार :

डिसिल्वा यांचे पुढील काम समजण्यासाठी मुक्त जॅझचा थोडक्यात परिचय आवश्यक आहे. रूढ जॅझमध्ये वादक सुचेल तसे वाजवत असला तरी एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचे संघात, म्हणजे कॉर्ड, विशिष्ट क्रमाने फिरत राहतात. वादकाची कल्पकता या क्रमाच्या चौकटीत वावरते. १९६० च्या सुमारास काही वादकांनी ही चौकट नाकारली. अमेरिकेत ऑर्नेट कोलमन यांनी डिसेंबर १९६० मध्ये जे ध्वनिमुद्रण केले, त्याच्या शीर्षकावरूनच या प्रवाहाला ‘फ्री जॅझ’ हे नाव पडले. त्याच्या महिनाभर आधी, नोव्हेंबर १९६० मध्ये, लंडन येथे जो हॅरियट यांनी ‘फ्री फॉर्म’ हे ध्वनिमुद्रण केले होते. हॅरियट यांचा जन्म १९२८ मध्ये जमेकातील किंग्स्टन येथे झाला होता. १९६३ मधील ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ ही त्यांची याच दिशेची पुढील ध्वनिमुद्रिका होय.

या मुक्ततेचा अर्थ कसा लावावा? पाश्चात्त्य टीकेत तिचे वर्णन पुष्कळदा बंडखोरी, विध्वंस किंवा अराजक अशा शब्दांत झाले. भारतीय श्रोत्याला मात्र हा प्रश्न वेगळ्या रीतीने मांडता येतो आणि त्यासाठी लागणारी परिभाषा आपल्या परिसरातच तयार झालेली आहे. छत्रपती संभाजीनगरपासून अवघ्या पंधरा किलोमीटरवर असलेल्या देवगिरी येथे, यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात गानाचे ‘निबद्ध’ आणि ‘अनिबद्ध’ असे दोन प्रकार सांगितले आहेत. जे धातूंनी व अंगांनी, म्हणजे रचनेच्या ठरलेल्या अवयवांनी बांधलेले आहे, ते निबद्ध. ज्याला असे बंधन नाही, ते अनिबद्ध, म्हणजेच आलप्ती. आज आपण ज्याला आलाप म्हणतो त्याचे हे पूर्वरूप होय.

येथे महत्त्वाची गोष्ट अशी की, अनिबद्ध म्हणजे नियमहीन नव्हे. आलापाला ताल नसतो, शब्द नसतात, बंदिशीचा साचाही नसतो. पण रागाचे स्वर, न्यासाच्या जागा आणि बढतीचा क्रम यांचे भान कलावंताला क्षणोक्षणी ठेवावे लागते. बाहेरचे बंधन काढून घेतल्यावर आतली शिस्त अधिक कठोर होते. मुक्त जॅझमध्येही कॉर्डचा क्रम गेल्यावर वादकांना परस्परांचे ऐकणे हाच एकमेव आधार उरतो. मुक्त जॅझ आणि आलाप एकच आहेत असे येथे सुचवायचे नाही. आलाप एका कलावंताचा असतो, मुक्त जॅझ हा अनेकांचा एकाच वेळचा संवाद असतो. आलापामागे शतकांची रागपरंपरा असते, तर मुक्त जॅझला ती मिळवावी लागते. तथापि ‘बंधन नाही, पण शिस्त आहे’ हा अनुभव दोहोंत समान आहे, आणि डिसिल्वा व हॅरियट यांची भेट याच समान भूमीवर झाली असे प्रस्तुत निबंधलेखकाचे मत आहे.

५. ‘हम दोनो’ : वाद्यांच्या यादीतील पुरावा :

‘हम दोनो’ ही ध्वनिमुद्रिका १९६९ मधील. हॅरियट यांचा आल्टो सॅक्सोफोन, डिसिल्वा यांची गिटार, इयन कार यांचे फ्ल्यूगलहॉर्न, डेव्ह ग्रीन यांचा बास, ब्रायन स्प्रिंग यांचे ड्रम आणि गायिका नॉर्मा विन्स्टन यांचा आवाज असा तिचा संच आहे. ‘बॅलड फॉर गोवा’, ‘स्टेफानोज् डान्स’, ‘जयपूर’ आणि शीर्षकरचना ‘हम दोनो’ या तिच्यातील काही रचना होत. जमेकाचा एक वादक आणि गोमंतकीय मुळे असलेला मुंबईचा एक वादक यांनी लंडनमध्ये एकत्र केलेल्या कामाला हिंदुस्थानी भाषेतील शीर्षक दिले, यात मैत्रीइतकीच बरोबरीची भावनाही आहे.

या यादीत काय आहे यापेक्षा काय नाही हे अधिक बोलके आहे. तिच्यात सतार नाही, तबला नाही आणि तानपुराही नाही. मेयर यांच्या इंडो-जॅझ प्रयोगात पाच भारतीय बाजूचे आणि पाच जॅझचे अशा दोन पंचकांना समोरासमोर बसवले होते. दोन परंपरांची ओळख तेथे वाद्यांवरूनच पटत असे आणि रचना बऱ्याच अंशी मेयर यांनी लिहून दिलेली असे. डिसिल्वा यांनी ‘इंटिग्रेशन’ व ‘हम दोनो’ या दोन्हींत वेगळा मार्ग निवडला. वाद्ये सर्व जॅझची ठेवली आणि भारतीयत्व सुरावटीच्या वळणात, एका स्वराभोवती रेंगाळण्याच्या वृत्तीत आणि हळूहळू होणाऱ्या विस्तारात आणले. ते डोळ्यांना दिसत नाही, ते कानांनीच ओळखावे लागते.

दुसरी अनुपस्थिती पियानोची आहे. दोन्ही ध्वनिमुद्रिकांत पियानो नाही. जॅझच्या मेळ्यात कॉर्डचा क्रम प्रामुख्याने पियानो सांभाळतो. तो नसल्यामुळे ती जबाबदारी गिटारवर येते, आणि गिटारवादकाला हवे तेव्हा ती चौकट भरता येते, हवे तेव्हा मोकळी सोडता येते. ती मोकळी सोडली की इतर वादकांना रागासारख्या एकाच स्वरपंक्तीवर विस्तार करण्यास वाव मिळतो. म्हणजे चौकट केव्हा ठेवायची आणि केव्हा काढायची याचा निर्णय येथे डिसिल्वा यांच्या हातात होता.

तिसरी बाब नॉर्मा विन्स्टन यांच्या आवाजाची. येथे त्या शब्द गात नाहीत, तर आवाजाचा उपयोग एखाद्या वाद्यासारखा करतात. आकारातील गायनाची सवय असलेल्या आपल्या श्रोत्याला यात परकेपणा वाटणार नाही. जॅझच्या परंपरेत मात्र गायिकेने शब्द सोडून वाद्यांच्या रांगेत उभे राहणे हा त्या काळी धाडसाचा प्रयोग होता.

याच संदर्भात गिटार या वाद्याचाही विचार करावा लागतो. गिटारला पडदे असतात, त्यामुळे स्वर ठरलेल्या जागी अडकतो आणि मींड सहज निघत नाही. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी यावर उपाय म्हणून तारेवर सरकपट्टी फिरवण्याची रीत स्वीकारली आणि गिटारला हिंदुस्थानी वाद्य बनवले. १९६७ मधील ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. डिसिल्वा यांनी वाद्य बदलले नाही. पडद्यांची गिटार जशी आहे तशी ठेवून त्यांनी सुरावट बदलली. काब्रा यांनी परक्या वाद्याला आपल्या परंपरेत आणले, तर डिसिल्वा यांनी आपली परंपरा परक्या वाद्याच्या मर्यादेत बोलकी केली. दोन्ही मार्गांना सारखेच मोल आहे, परंतु पहिल्याची नोंद आपल्या इतिहासात झाली आणि दुसऱ्याची झाली नाही.

डिसिल्वा यांना काटेकोर अर्थाने मुक्त जॅझचे वादक म्हणता येईल काय, असा आक्षेप येऊ शकतो. त्यांच्या रचनांना सुस्पष्ट सुरावट असते आणि बहुतेक ठिकाणी लयही बांधलेली असते. त्यामुळे ते पूर्णतः त्या प्रवाहातील नव्हते, हे मान्य केले पाहिजे. ते निबद्ध आणि अनिबद्ध यांच्या सीमेवर उभे होते. बंदिशीतून आलापाकडे व आलापातून पुन्हा बंदिशीकडे येणाऱ्या गायकाची सवय ज्या कानांना आहे, त्यांना ही सीमारेषा अडचणीची वाटत नाही.

६. कोकणची आठवण आणि दीर्घ मौन :

१९७१ मधील ‘रिफ्लेक्शन्स’ ही ध्वनिमुद्रिका तुलनेने सौम्य, रंजक वळणाची होती. १९७२ मध्ये ‘कॉस्मिक आय’ या समूहनामाने त्यांनी ‘ड्रीम सीक्वेन्स’ ही दीर्घ रचनांची अधिक प्रायोगिक ध्वनिमुद्रिका केली. याच सुमारास ‘कोंकण डान्स’ या नावाने आणखी एक ध्वनिमुद्रण झाले. त्यात सतारीवर क्लेम अल्फर्ड आणि तबल्यावर केशव साठे होते.

केशव साठे यांच्याबद्दल येथे थांबून सांगणे आवश्यक आहे. मुंबईत जन्मलेले हे तबलावादक पन्नासच्या दशकात लंडनला गेले. मेयर–हॅरियट यांच्या इंडो-जॅझ संचात त्यांनी साथ केली. १९६७ मध्ये ‘जॅझ मीट्स इंडिया’ या ध्वनिमुद्रिकेत युरोपीय मुक्त जॅझमधील प्रमुख पियानोवादक इरेन श्वाइत्सर यांच्या त्रयीसोबत ते वाजले. म्हणजे मुक्त जॅझच्या ऐन उमेदीच्या काळात त्याच्या व्यासपीठावर एक मराठी तबलावादक बसला होता. आपल्या तबलावादकांच्या चरित्रकोशांत ही नोंद सहसा आढळत नाही, कारण घराणे आणि साथ केलेल्या गवयांची नावे हेच तेथे मोठेपणाचे मोजमाप असते.

‘कोंकण डान्स’ हे ध्वनिमुद्रण मात्र तेव्हा प्रसिद्ध झाले नाही. ते तीन दशकांहून अधिक काळ अप्रकाशित राहिले आणि डिसिल्वा यांच्या मृत्यूनंतरच श्रोत्यांपर्यंत पोहोचले. जो हॅरियट यांचे १९७३ मध्ये हलाखीत निधन झाले. ब्रिटनमध्ये भारतीय संगीताविषयीच्या कुतूहलाची लाट ओसरत गेली. ज्या ध्वनिमुद्रणांवर डिसिल्वा यांची कीर्ती आज उभी आहे ती सर्व १९६९ ते १९७२ या काळातील आहेत. १९९६ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. तोपर्यंत त्यांच्या तबकड्या बाजारातून नाहीशा झालेल्या होत्या आणि संग्राहक त्यांचा मोठ्या किमतीने शोध घेत होते. एकविसाव्या शतकात त्यांच्या पुनर्मुद्रित आवृत्त्या निघाल्या आणि नव्या पिढीला त्यांचे नाव कळले.

या काळात मुंबईत जॅझ संपले होते असे नाही. १९७८ पासून मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरू लागला. पण तोवर डिसिल्वा यांना देश सोडून एक तप होत आले होते.

७. इतिहासलेखनाचे निकष :

डिसिल्वा यांना महाराष्ट्राच्या संगीताच्या इतिहासात स्थान का नाही? त्याची तीन कारणे संभवतात. पहिले कारण भाषेचे आहे. आपण मराठी संगीत म्हणजे मराठी शब्दांचे संगीत असे नकळत धरून चालतो, त्यामुळे शब्दांविना असलेले वाद्यसंगीत या व्याख्येतून निसटते. दुसरे कारण वाद्याचे आहे. हार्मोनियम व व्हायोलिन ही वाद्येही परदेशातूनच आली, तरी ती आपण आपली मानली. गिटार व सॅक्सोफोन यांच्याबाबत मात्र ‘पाश्चात्त्य’ हा शिक्का कायम राहिला. तिसरे कारण समाजाचे आहे. गोमंतकीय ख्रिस्ती वादक मुंबईत पिढ्यान्पिढ्या राहिले, तरी ते पाहुणेच समजले गेले.

लंडनमध्येही त्यांची स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. तेथे त्यांना स्वतःचे नाव मिळाले, पण ‘भारतीय’ या विशेषणासह. त्यांच्या संगीतातील पौर्वात्य रंग बाजाराला हवा होता. तो रंग फॅशनमधून जाताच त्यांच्यासाठी उघडलेली दारेही मिटत गेली. मुंबईत त्यांचे संगीत पाश्चात्त्य ठरले असते आणि लंडनमध्ये ते पौर्वात्य ठरले. ‘बॅलड फॉर गोवा’ आणि ‘कोंकण डान्स’ या शीर्षकांतून हा कलावंत आपले घर कोठे आहे ते स्वतःच सांगत होता. ते ऐकण्याची जबाबदारी आपली होती.

या ठिकाणी पुन्हा शार्ङ्गदेवाचे उदाहरण आठवते. त्याचे आजोबा भास्कर हे काश्मीरमधून दक्षिणेत आले होते. एका स्थलांतरित कुटुंबातील पुरुषाने देवगिरीत बसून लिहिलेला ग्रंथ आज आपण अभिमानाने आपला मानतो, आणि ते योग्यच आहे. आलेल्याला आपले म्हणण्याचे औदार्य तेराव्या शतकाबाबत आपण दाखवतो. विसाव्या शतकात येथून गेलेल्याला आपले म्हणताना मात्र आपण संकोचतो. हा भेद तर्काच्या कसोटीवर टिकणारा नाही.

निष्कर्ष :

१) अमान्सियो डिसिल्वा यांची कारकीर्द ही एकट्या व्यक्तीची अपवादात्मक कहाणी नाही. गोव्यातील चर्चशाळा, मुंबईची करमणूक-बाजारपेठ आणि वसाहतोत्तर लंडन या तीन टप्प्यांना जोडणाऱ्या स्थलांतराच्या इतिहासाचा ती भाग आहे.

२) ‘इंटिग्रेशन’ व ‘हम दोनो’ या ध्वनिमुद्रिकांचे वेगळेपण भारतीय वाद्ये न वापरता भारतीय स्वरविचार मांडण्यात आहे.

३) मुक्त जॅझमधील मुक्तता ‘अनिबद्ध’ या संकल्पनेच्या आधारे अधिक नेमकेपणाने समजून घेता येते. बाह्य बंधनाचा अभाव म्हणजे शिस्तीचा अभाव नव्हे.

४) भाषा, वाद्य आणि समाज यांच्या रूढ निकषांमुळे गोमंतकीय व परदेशस्थ वादकांचे योगदान महाराष्ट्राच्या संगीत-इतिहासातून वगळले गेले आहे. या निकषांचा पुनर्विचार होणे आवश्यक आहे.

समारोप :

डिसिल्वा यांचा इतिहास लिहिता येतो, कारण त्यांच्या तबकड्या शिल्लक आहेत. ज्यांच्या नावे एकही तबकडी नाही त्यांचे काय, हा प्रश्न यातून उरतो. मुंबईतील चित्रपट-वाद्यवृंदांची पिढी आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे. आपल्या मराठवाड्यातही लग्नसराईत क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणारी बँडपथके आहेत. त्यांतील ज्येष्ठ वादकांनी ही विद्या कोणाकडून घेतली, स्वरलिपीविना ती कशी जतन केली आणि लावणीपासून चित्रपटगीतापर्यंत सर्व काही पितळी वाद्यांवर कसे बसवले, याची नोंद कोणी केलेली नाही. महाविद्यालयांतील इतिहास, मराठी व संगीत या विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांकरवी या वादकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, तर त्यासाठी फार मोठ्या निधीची गरज लागणार नाही. गरज आहे ती फक्त हे वादक हयात असताना त्यांच्या दारी जाण्याची.